भेंडे, विल्स, सुब्बाराव : रक्तविकार संशोधकांची प्रकाशनसूची आणि सायटेशनची मोजणी

अनघा_सूचीकार (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. रक्तविकारांवर काम केलेल्या, मुंबईशी नातं असलेल्या संशोधकांची प्रकाशनसूची करायला घेतली आहे. पहिलं नाव डॉ. वाय. एम. भेंडे. 1952 साली ‘लॅन्सेट’मध्ये त्यांचा आणि सहकाऱ्यांचा दोन पानी पेपर आला, तोच दुर्मीळ ‘बॉम्बे’ रक्तगटाचा. दुसरं नाव ल्युसी विल्स. 1928 पासून मुंबईत राहून त्यांनी गरोदर बायकांच्या ॲनिमियावर काम केलं. तिसरे यल्लाप्रगडा सुब्बाराव. ते मुंबईचे नव्हेत, पण विल्सबाईंच्या कामाचं पुढचं टोक त्यांच्या हातात जातं, म्हणून घेतले.

प्रत्येकापुढे तीन रकाने आहेत : एकूण पेपर, एकूण सायटेशन (इतर लेखांनी त्यांचा संदर्भ किती वेळा दिला), एच-इंडेक्स (पेपर आणि सायटेशन मिळून काढलेला एकच आकडा). पहिल्याच नावाला गाडी अडली. सायटेशन मोजणारे तीन डेटाबेस बघितले, तर भेंड्यांच्या एकाच पेपरला स्कोपस एक आकडा देतं, वेब ऑफ सायन्स दुसरा, गूगल स्कॉलर तिसरा. यातला कोणता छापायचा?

निमिष_नोंदवही

अनघाताई, तिघांच्या वह्या वेगळ्या, म्हणून बेरीज वेगळी.

स्कोपस 2004 साली सुरू झालं. सुरुवातीला त्यात 1996 नंतरच्या पेपरांच्याच संदर्भयाद्या होत्या, पुढे मागची वर्षं भरत भरत ते 1970 पर्यंत गेलं. त्यामुळे 1952 ते 1969 या काळात ज्यांनी भेंड्यांचा आधार घेतला ते स्कोपसच्या बेरजेत जवळजवळ नाहीतच. या पेपरच्या बाबतीत नेमकी तीच वर्षं भरगच्च होती. ए आणि बी हे दोन्ही अँटिजेन (लाल पेशींवरच्या रक्तगटाच्या खुणा) एच या मूळ खुणेच्या पायावर उभे राहतात हे लंडनच्या मॉर्गन आणि वॉटकिन्स यांच्या प्रयोगशाळेत त्याच सुमारास उलगडत होतं, आणि हे दोघंही भेंड्यांच्या पेपरचे सहलेखक आहेत.

वेब ऑफ सायन्स 1900 पर्यंत मागे जाऊ शकतं, पण तुमच्या ग्रंथालयाने किती वर्षांचा मागचा साठा विकत घेतलाय त्यावर दिसणारा आकडा ठरतो. दोन कॉलेजांत बसून दोन वेगळे आकडे मिळतात ते यामुळेच. गूगल स्कॉलर प्रबंध, प्रीप्रिंट (छापण्याआधीचे लेख), व्याख्यानांच्या पीडीएफ असं सगळं ओढून घेतं आणि कधी एकच लेख दोनदा धरतं.

म्हणून आकड्यापुढे स्रोताचं नाव आणि पाहिल्याची तारीख, दोन्ही लिहा. 1970 च्या आधीच्या संशोधकांसाठी स्कोपसवर विसंबू नका.

वासंती_संदर्भ

निमिषच्या म्हणण्यात एक भर. वेब ऑफ सायन्समध्ये पेपरखालचा ‘टाइम्स सायटेड’ हा आकडा बघून थांबलात तर निम्मं काम राहील. ‘साइटेड रेफरन्स सर्च’ उघडा. लेखकाच्या चौकटीत आडनाव, पहिलं आद्याक्षर आणि लगेच तारांकन. प्रकाशनाच्या चौकटीत लॅन्सेट. वर्ष 1952, आणि लोक चुकतात म्हणून 1951 आणि 1953 सुद्धा.

एकच पेपर अनेक ओळींत फुटलेला दिसेल. मुख्य कारण लॅन्सेटचा खंड क्रमांक. तेव्हा लॅन्सेटचे वर्षाला दोन खंड निघत, आणि डॉक्टर मंडळी संदर्भ देताना ‘1952, खंड 1, पान 903’ असं लिहीत. सलग मोजणीत तोच खंड 259 होतो. दोन्ही बरोबर आहेत, पण यंत्राला ती दोन वेगळी माणसं वाटतात. त्यात कुणी 903 ऐवजी 904 टाकलेलं असतं, कुणी भेंड्यांचं एक आद्याक्षर गाळलेलं असतं.

या फुटक्या ओळी मूळ नोंदीला जोडलेल्या नसतील तर ‘टाइम्स सायटेड’मध्ये धरल्या जात नाहीत. प्रत्येकीवर खूण करा, ‘सी रिझल्ट्स’ करा, आणि उद्धृत करणाऱ्या लेखांची यादी उतरवून घेऊन डीओआयवरून (लेखाच्या कायमच्या ओळख क्रमांकावरून) दुहेरी नोंदी काढा. जुन्या लेखांना डीओआय नसतो, तिथे नियतकालिक, खंड, पहिलं पान यांची जोडी जुळवा. खात्री पटली की दुरुस्तीचा अर्जही भरता येतो. फुटक्या नोंदी मूळ पेपराला जोडून घ्यायची तीच वाट आहे.

केदार_मो

+१. वाचनखूण साठवली.

सुहास_क्रॉसमॅच

आकड्यांच्या आधी त्या दोन पानांत काय होतं ते बघू, म्हणजे सायटेशन कुठून येतात आणि कुठे गळतात ते कळेल.

रक्तगट दोन बाजूंनी तपासतात. पेशींची बाजू : रुग्णाच्या लाल पेशींत अँटी-ए आणि अँटी-बी (ए आणि बी खुणेला चिकटणाऱ्या अँटिबॉडी) घालतात. सीरमची बाजू : रुग्णाच्या सीरममध्ये, म्हणजे पेशी काढलेल्या रक्तद्रवात, माहीत असलेल्या ए पेशी, बी पेशी आणि ओ पेशी घालतात. साध्या ओ गटात पहिल्या बाजूला गुठळी होत नाही. दुसऱ्या बाजूला ए आणि बी पेशींची गुठळी होते, ओ पेशी मोकळ्या राहतात.

बॉम्बे गटात पहिली बाजू हुबेहूब ओ सारखी दिसते. फरक एकाच नळीत असतो : ओ पेशींचीही जोरदार गुठळी होते. या माणसाच्या पेशींवर एच नसतो, म्हणून त्याच्या सीरममध्ये अँटी-ए आणि अँटी-बीच्या जोडीला अँटी-एचही असतं. ओ पेशींवर तर सगळ्यात जास्त एच असतो, तेव्हा त्या गुठळणारच. मग रुग्णाच्या पेशींना उलेक्स या वनस्पतीपासून काढलेलं अँटी-एच लेक्टिन (एचला चिकटणारं प्रथिन) लावतात. साधा ओ गट जोरात गुठळतो, बॉम्बे गट हलत नाही. ऑटो कंट्रोल (रुग्णाचं सीरम आणि त्याच्याच पेशी एकत्र केलेली नळी) निगेटिव्ह आहे ना तेही बघायचं, नाहीतर ओ पेशींची गुठळी रुग्णाच्या स्वतःच्याच पेशींवर चालणाऱ्या अँटिबॉडीमुळे झालेली असू शकते. आणि बाहेरच्या दुसऱ्या कुठल्या अँटिबॉडीमुळे झालेली नाही याची खात्री लेक्टिन देतं.

ज्या रक्तपेढीत सीरमच्या बाजूला ओ पेशींची नळी ठेवत नाहीत तिथे असा माणूस ‘ओ’ म्हणून नोंदला जातो. घोळ क्रॉसमॅचला, म्हणजे रक्त देण्याआधी पिशवीतलं रक्त रुग्णाशी जुळवून बघताना, उघडा पडतो : ओ गटाची एकामागून एक पिशवी इन्कम्पॅटिबल (न जुळणारी) येते. अशा माणसाला बॉम्बे गटाचंच रक्त लागतं, ओ निगेटिव्हही चालत नाही.

आता सायटेशनकडे. दररोज किती रक्तपेढ्यांत ती तिसरी नळी लावली जाते! त्या नळीचा संदर्भ कुणी कुठे देतो का? भेंड्यांच्या पेपरचा खरा वापर तिथे आहे.

मधुरा_पां

सुहासदादा म्हणतात त्या प्रकाराला नाव आहे : ‘ऑब्लिटरेशन बाय इन्कॉर्पोरेशन’. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी दाखवून दिलं की एखादी गोष्ट सगळ्यांच्या बोलण्यात इतकी मुरते की मूळ पेपर उद्धृत करायची गरजच वाटेनाशी होते. आजचा लेखक ‘बॉम्बे फिनोटाइप’ एवढंच लिहितो आणि संदर्भ म्हणून एखादं नवं पाठ्यपुस्तक देतो.

भेंड्यांच्या बाबतीत आणखी एक वळण आहे. शोधाला शहराचं नाव मिळालं, माणसाचं नाही. ‘हॉजकिन’ किंवा ‘वॉन विलेब्रँड’ आजार म्हटलं की निदान माणूस जिभेवर येतो. ‘बॉम्बे’ म्हटलं की शहर येतं.

त्यात पुढचा थर चढला. जीन सापडल्यावर लोक जीनचा पेपर उद्धृत करू लागले. एच तयार करणारं एन्झाइम फ्युट-1 या जीनवरून बनतं, आणि बॉम्बे व पॅरा-बॉम्बे (त्याच्या जवळच्या गटाच्या) माणसांत तो जीन कसा बिघडतो हे 1994 साली पीएनएएस या अमेरिकन नियतकालिकात आलं. भारतीय बॉम्बे गटात त्या जीनच्या 725 व्या जागी टी ऐवजी जी असतो, आणि शेजारचा फ्युट-2 गळालेला असतो. ‘बॉम्बे गटाचं कारण’ या वाक्यामागे आता हे संदर्भ येतात, 1952 चा मागे पडतो.

अनघाताई, तुमच्या सूचीत चौथा रकाना हवा : ‘शोध आज कोणत्या नावानं ओळखला जातो’. त्या नावानं शीर्षक आणि सारांशात शोध घेतला की सायटेशनशिवाय झालेला वापर दिसतो. शब्द बदलून बदलून टाका : बॉम्बे फिनोटाइप, ओ-एच, एच-डिफिशियंट, दोन लहान एच.

अनघा_सूचीकार

सुहासदादा, मधुरा, फार उपयोगी. चौथा रकाना घेते. आता भेंड्यांचे बाकीचे पेपर गोळा करते आहे. नावावरून शोधलं तर काही सापडत नाहीत, संस्थेवरून शोधलं तर वेगळेच येतात.

वासंती_संदर्भ

संस्थेवरून जुने पेपर सापडणार नाहीत. पबमेडमध्ये (वैद्यकीय लेखांच्या फुकट सूचीत) पत्ता नोंदवायला 1988 पासून सुरुवात झाली, आणि 2013 पर्यंत फक्त पहिल्या लेखकाचा पत्ता घेत असत. सगळ्या लेखकांचे पत्ते 2014 पासून. म्हणजे 1990 च्या दशकात परळचा संशोधक दुसरा किंवा शेवटचा लेखक असेल तर संस्थेच्या नावानं तो पेपर हाती लागत नाही.

नावांचंही तसंच आहे. लेखकांची पूर्ण नावं पबमेडमध्ये 2002 पासून आहेत, त्याआधी आडनाव आणि आद्याक्षरं. आणि ही एक फट लक्षात ठेवा : 1984 ते 1995 या काळात 10 लेखकांपुढची नावं नोंदवलीच जात नव्हती, 1996 ते 1999 मध्ये मर्यादा 25 होती. मोठ्या सामूहिक पेपरातला 14 वा लेखक त्या नोंदीत नाही. त्यासाठी छापील पान किंवा त्याची पीडीएफच बघावी लागते.

संस्थेचं नाव शोधायचंच असेल तर सगळे अवतार घ्या. परळच्या केईएम रुग्णालयाच्या आवारातली आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) संस्था 1957 साली ‘ब्लड ग्रुप रेफरन्स सेंटर’ म्हणून सुरू झाली, मग ‘इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहिमॅटॉलॉजी’, मग आधी ‘नॅशनल’ लागलं. इंग्रजी स्पेलिंग ब्रिटिश आणि अमेरिकन दोन्ही. शहर 1995 पर्यंत बॉम्बे, पुढे मुंबई. ‘बॉम्बे’ टाकलंत की रक्तगटाचे जगभरचे पेपर येतात, म्हणून तो शब्द पत्त्याच्या रकान्यापुरताच बांधून ठेवा.

रेवती_नामावली

आपल्याकडच्या नावांचे खास घोळ :

लग्नानंतर आडनाव बदललं की बाईंचा अभ्यास दोन बायकांत वाटला जातो. एमडीचा प्रबंध एका नावानं, पुढचे पेपर दुसऱ्या. दोन्ही नावांना जोडणारा पुरावा शोधा : सारखे सहलेखक, सारखी संस्था, सारखा विषय. तिन्हींपैकी दोन जुळल्याशिवाय जोडू नका.

मधलं नाव वडिलांचं किंवा नवऱ्याचं. कुणी दोन आद्याक्षरं देतं, कुणी एक. एकाच आद्याक्षरावर ‘देशपांडे’, ‘पाटील’, ‘कुलकर्णी’ शोधलंत तर हृदयरोगापासून शेतीपर्यंत सगळं येईल. तिथे विषय जोडूनच शोध लावा, आणि तोही दोन्ही स्पेलिंगांनी, कारण थॅलसेमिया, ॲनिमिया, ल्युकेमिया, हिमोफिलिया सगळेच शब्द इंग्रजीत दोन तऱ्हांनी लिहितात.

सुब्बारावांचं नाव तर सलग, तोडून आणि मधे मोठं अक्षर घालून, तिन्ही प्रकारे छापलेलं आहे. तिन्ही घ्या.

हयात संशोधकांसाठी ओआरसीआयडी हा ओळख क्रमांक आहे, 16 अंकी, 2012 पासून. पण ती यादी संशोधक स्वतः भरतो, त्यामुळे कधी अर्धी असते, कधी आपोआप भरताना दुसऱ्याचा पेपर आत आलेला असतो. सुरुवात तिथून करा, शेवट नको.

निमिष_नोंदवही

आता एच-इंडेक्स. हॉर्खे हिर्श यांनी तो 2005 साली सुचवला, आणि ते भौतिकशास्त्रज्ञ. कृती सोपी आहे. पेपर सायटेशनच्या उतरत्या क्रमानं लावा आणि जिथे क्रमांक सायटेशनपेक्षा मोठा होतो त्याच्या आधी थांबा. कल्पित यादी घेऊ :

120, 45, 30, 12, 9, 7, 7, 6, 3, 1

सातव्या पेपरला 7 आहेत, आठव्याला 6. म्हणून एच 7. एकूण सायटेशन 240, आणि त्यातली निम्मी एकट्या पहिल्या पेपरची. एच-इंडेक्सला ती दिसतच नाहीत. पहिल्याला 120 ऐवजी 12,000 असते तरी एच 7 च राहिला असता.

आता स्वतःचे आणि सहलेखकांचे संदर्भ वजा करा. समजा मधल्या चार पेपरांचे 9, 7, 7, 6 होते ते 6, 5, 4, 3 उरले. एच 7 वरून थेट 5 वर येतो. वरच्या चार पेपरांना हातही लागला नाही, तरी! एच-इंडेक्स उंबरठ्यावरच्या पेपरांवर तरतो, म्हणून तो फुगवायचा असेल तर तिथेच चार-चार संदर्भ घातले जातात. तपासणीही तिथूनच सुरू करायची.

भेंड्यांसारख्या संशोधकाला हा आकडा लावणं मला अन्यायाचं वाटतं. तो रकाना काढून टाका.

सुहास_क्रॉसमॅच

निमिष, पूर्ण काढू नये असं मला वाटतं. 1990 नंतरच्या, एकाच विषयात काम करणाऱ्या दोघांची तुलना असेल तर त्यातून थोडं कळतं. जुन्यांच्या पुढे मात्र रेघ मारा आणि का मारली ते खाली लिहा.

डॉ_मंजिरी_हिमॅट

रक्तविकारात एक फुगवटा नेहमी दिसतो, तो कुणी सांगितला नाही म्हणून लिहिते.

‘ब्लड’ हे अमेरिकन सोसायटी ऑफ हिमॅटॉलॉजीचं नियतकालिक, 1946 साली विल्यम डॅमेशेक यांनी सुरू केलेलं. सोसायटीचं अधिवेशन डिसेंबरात असतं आणि त्याचे हजारो ॲब्स्ट्रॅक्ट (तिथे मांडलेल्या कामांचे गोषवारे) ‘ब्लड’च्याच पुरवणी अंकात छापतात. म्हणून गूगल स्कॉलरच्या यादीत नियतकालिक म्हणून ‘ब्लड’ दिसतं आणि वाचणारा समजतो की पूर्ण पेपर आहे.

ओळखायचं कसं? अंकाच्या जागी ‘पुरवणी 1’ असतं, मजकूर साधारण एका पानाचा, संदर्भयादी नसते, आणि तोच अभ्यास वर्षा-दोन वर्षांनी थोड्या बदललेल्या शीर्षकानं पूर्ण पेपर म्हणून येतो. रुग्णसंख्याही बदलते : ॲब्स्ट्रॅक्टमध्ये 84 असतील तर पेपरात 112. युरोपियन संघटनेच्या आणि आपल्या इंडियन सोसायटीच्या पुरवण्यांचंही असंच.

सूचीत ॲब्स्ट्रॅक्टचा गट वेगळा करा. त्याचा पूर्ण पेपर सापडला तर ॲब्स्ट्रॅक्ट त्याच्या पोटात टाका आणि एकच मोजा.

दुसरी गोष्ट, मार्गदर्शक तत्त्वं आणि वर्गीकरण. जागतिक आरोग्य संघटनेच्या ल्युकेमिया वर्गीकरणाची 2016 ची आवृत्ती ‘ब्लड’मध्ये आली. 2022 ची नवी आवृत्ती येईपर्यंत निदानाची पद्धत लिहिताना प्रत्येक जण ती उद्धृत करत असे. तिच्या लेखकांत नाव असलं की एकूण आकडा एका उडीत कुठल्या कुठे जातो. ते काम मोलाचंच आहे, पण ‘मूळ शोध’, ‘पद्धत’, ‘परीक्षण’, ‘वर्गीकरण’ असे प्रकार न पाडता बेरीज केली तर ती काहीच सांगत नाही.

तिसरी, विषयाचा आकार. ल्युकेमियावर लिहिणारे पुष्कळ, म्हणून संदर्भही पुष्कळ मिळतात. सिकलसेल किंवा थॅलसेमियावर लिहिणारे त्या मानानं थोडे. गडचिरोली, नंदुरबारमधल्या सिकलसेलवरचा उत्तम पेपर आणि ल्युकेमियाच्या औषधावरचा मध्यम पेपर यांचे कच्चे आकडे शेजारी ठेवूच नयेत. अमेरिकेच्या एनआयएच या सरकारी आरोग्य-संशोधन संस्थेचं ‘आयसाइट’ हे साधन फुकट आहे. पबमेड क्रमांक टाकला की त्याच विषयातल्या पेपरांच्या मानानं गुणोत्तर देतं, त्यात 1.0 म्हणजे एनआयएचच्या निधीतून झालेल्या पेपरांच्या बरोबरीचा. पण ते 1980 पासूनच्या पेपरांसाठी, तेव्हा तुमच्या तिन्ही नावांना लागणार नाही.

अनघा_सूचीकार

मंजिरीताई, आभार. मग विल्सबाईंचं काय करू? त्यांचा 1931 चा बीएमजेमधला (ब्रिटिश मेडिकल जर्नलमधला) पेपर एकच सगळीकडे दिसतो.

मधुरा_पां

तो पेपर मालिकेचं टोक आहे. यीस्टच्या अर्काने, म्हणजे मार्माइटने, गरोदरपणातला मोठ्या पेशींचा ॲनिमिया बरा होतो हे त्यात आहे. पण त्याआधीचं पायाचं काम ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च’मध्ये भागाभागानं छापलेलं आहे, त्यातले काही भाग एम. एम. मेहता यांच्याबरोबर. मुंबईतल्या बायकांचा आहार, उंदरांवरचे प्रयोग, सगळं तिथे. सायटेशन त्या भागांत विखुरलीत आणि बीएमजेवर गोळा झालीत. सूचीत मालिका एका मथळ्याखाली घ्या, प्रत्येक भागाची वेगळी ओळ ठेवा, आणि मोजणी भागवार करून खाली बेरीज द्या.

नावाचा प्रवासही लिहा. आधी ‘विल्स फॅक्टर’, मग 1941 साली पालकाच्या पानांतून वेगळं काढलेलं ‘फॉलिक ॲसिड’. त्यानंतर विल्सबाईंना उद्धृत करणारे इतिहास लिहिणारेच जास्त. गरोदरपणात फॉलिक ॲसिडच्या गोळ्या देण्यावर हजारो पेपर आहेत, त्यांतल्या फार थोड्यांत 1931 सापडेल.

रेवती_नामावली

आणि सुब्बाराव तर सायटेशन कसं फसवतं त्याचं सगळ्यात ठसठशीत उदाहरण. त्यांचा सर्वाधिक उद्धृत पेपर रक्तविकाराचा नाहीच. 1925 साली सायरस फिस्केंबरोबर ‘जर्नल ऑफ बायोलॉजिकल केमिस्ट्री’त आलेली, रंगावरून फॉस्फरस मोजायची पद्धत. पद्धतीचे पेपर वर्षानुवर्षं उद्धृत होतात. त्याच नियतकालिकातली लाउरींची 1951 ची प्रथिनं मोजायची पद्धत तीन लाखांवर गेली आहे, सगळ्या विज्ञानात पहिली.

रक्तविकारातलं त्यांचं काम लेडर्ली या अमेरिकन औषध कंपनीत झालं. फॉलिक ॲसिडचं संश्लेषण, 1945. त्या पेपरात लेखकांची लांब यादी आहे आणि त्यांचं नाव मधोमध. मग त्यांच्याच गटाच्या रेणूंतून आलेलं अमिनोप्टेरिन हे औषध सिडनी फार्बर यांनी ल्युकेमियाच्या मुलांना दिलं. 1948 चा तो न्यू इंग्लंड जर्नलमधला पेपर म्हणजे ल्युकेमियाच्या केमोथेरपीची सुरुवात. त्याच्या पाच लेखकांत सुब्बाराव नाहीत. त्याच वर्षी ते वारले.

म्हणजे लेखकाच्या नावानं मोजलं तर रक्तविकारातली त्यांची सर्वात मोठी मजल शून्य भरते. त्यांच्यासाठी ‘लेखक नसलेले पण त्यांच्या कामावर उभे असलेले पेपर’ असा वेगळा गट करा आणि त्याची सायटेशन त्यांच्या बेरजेत मिळवू नका.

अनघा_सूचीकार

तिन्ही नावांचा आराखडा असा करते. लेखाचा प्रकार. लेखकांतलं स्थान, म्हणजे भेंड्यांसाठी ‘7 पैकी 1, पहिले तिघं मुंबईचे, पुढचे चौघं लंडनचे’. सायटेशन, स्रोत आणि तारखेसह, फुटक्या ओळी धरून आणि न धरता. आजचं प्रचलित नाव. सायटेशनबाहेरचा वापर. एच-इंडेक्स 1990 नंतरच्या नावांनाच, आणि स्वतःचे संदर्भ वजा करून.

लॅन्सेटच्या फुटक्या ओळींवर आज बसले होते. खंड 1 आणि खंड 259 या दोन मोठ्या ओळी निघाल्या, बाकी किरकोळ. एका ओळीत वर्ष 1952 आहे, पान 903 आहे, पण पहिला लेखक भाटिया. ती धरू का?

वासंती_संदर्भ

एच. एम. भाटिया तिसरे लेखक आहेत त्याच पेपराचे. लिहिणाऱ्याने नाव चुकवलंय, पेपर तोच आहे. धरा. पण आधी उद्धृत करणारा लेख उघडून संदर्भाचं वाक्य वाचा. भाटियांचे बॉम्बे गटावर पुढे स्वतंत्र पेपर आहेत, त्यातल्या एखाद्याचं पान आणि वर्ष चुकून इकडचं लागलेलं असेल तर ती ओळ भाटियांच्या खात्यात जाते.